वैमानिकांनी संघटना करावी का?

प्रश्न : माझा मुलगा इंदूरहून उडणाऱ्या एका लहान प्रादेशिक विमान कंपनीत सहवैमानिक आहे. ड्यूटीचा बदल रात्री अकराला मोबाइलवर येतो आणि पहाटे चारला गाडी दारात उभी असते. त्याचे सहकारी वैमानिकांची संघटना काढणार आहेत. त्याने सही करावी का?
– एक आई, इंदूर

उत्तर : करावी, मात्र पहिली सही त्याची एकट्याची नसावी. संघटना स्थापण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम 19 ने दिलेला आहे, पण नोंदणीच्या अर्जावर किमान 7 जणांची नावे लागतात आणि आस्थापनेतील दहा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके कामगार सभासद असावे लागतात. 2009 मध्ये जेट एअरवेजने संघटनेसाठी पुढाकार घेणाऱ्या दोन वैमानिकांना काढले, तेव्हा शेकडो सहकारी एकाच वेळी आजारपणाच्या रजेवर गेले आणि पाच दिवसांत तडजोड होऊन ते दोघे परत आले. लहान कंपनीत हे बळ नसते. तिथे कोण कोणाशी बोलतो, हे व्यवस्थापनाला संध्याकाळपर्यंत कळते.

संपाची घाई मात्र नको. त्यासाठी आधी 14 दिवसांची नोटीस द्यावी लागते, आणि 2012 मध्ये एअर इंडियाच्या वैमानिकांनी दोन महिने ताणलेल्या संपात त्यांच्या संघटनेची मान्यताच गेली होती. मुलाने तूर्त प्रशिक्षणाच्या बाँडमधील अटी वकिलाला दाखवाव्यात आणि रात्री आलेला प्रत्येक बदल तारीख-वेळेसह वहीत उतरवून ठेवावा.