रुळांवरचं आयर्लंड : मॉडेल रेल्वेविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मावशी, कॉर्कला भाड्याच्या घरात राहतो. मागच्या खोलीत भिंतीलगत आठ फूट लांब, सव्वा फूट रुंद फळी बसेल एवढी जागा आहे. तिथं मॉडेल रेल्वे मांडायची आहे. २०१ क्लासचं डिझेल इंजिन आणि मार्क ३ चे प्रवासी डबे फार आवडतात. डब्लिनचं ह्यूस्टन स्टेशन छोटं करून बसवता येईल का? नाही तर दुसरं कोणतं घेऊ?
– एक वाचक, कॉर्क

उत्तर : ह्यूस्टनचा मोह समजतो, पण आधी फूटपट्टी हातात घ्या. आपलं प्रमाण १:७६, म्हणजे मॉडेल खऱ्या गाडीच्या शहात्तराव्या भागाएवढं. मार्क ३ चा डबा खरा २३ मीटरचा, म्हणजे फळीवर ३० सेंटिमीटर. २०१ चं इंजिन जवळजवळ २१ मीटरचं, म्हणजे साडेसत्तावीस सेंटिमीटर. इंजिनाला सहा डबे जोडले की गाडी दोन मीटरच्या पुढे गेली, आणि तुमची भिंत आहे २ मीटर ४४ सेंटिमीटर. गाडी फलाटावर लागेल खरी, पण पुढे सरकायला जागाच उरणार नाही. आठवड्याभरात तुम्ही फळीवर पुस्तकं ठेवायला लागाल.

स्टेशन निवडताना त्याचं देखणेपण बघू नका, तिथं रेल्वेला काय काम होतं ते बघा. काम असेल तर चार फुटांतही रोज नवं काही घडतं. नसेल तर पूर्ण खोली दिली तरी गाडी नुसती गोल फिरत राहते.

म्हणून मी तुम्हाला वेलिंग्टनब्रिज सुचवते. वेक्सफर्ड काउंटीतलं, रॉसलेअर ते वॉटरफर्ड या १९०६ साली सुरू झालेल्या एकेरी मार्गावरचं गावाकडचं स्टेशन. प्रवासी गाड्या शेवटी शेवटी दिवसाला जेमतेम एक जाणारी, एक येणारी. सप्टेंबर २०१० मध्ये त्याही थांबल्या. पण शरद ऋतू लागला की इथं साखरबीटचा हंगाम उभा राही. आसपासच्या शेतांतून ट्रॅक्टर बीट घेऊन येत, ते मालवाघिणींत भरलं जाई आणि भरलेल्या गाड्या वॉटरफर्ड, लिमरिक जंक्शनमार्गे मॅलोच्या साखर कारखान्याकडे निघत. रिकाम्या गाड्या परत येत. ख्रिसमसच्या पुढेपर्यंत हे चाले. २००६ मध्ये मॅलोचा कारखाना बंद झाला आणि देशातलं साखर उत्पादनच थांबलं.

आता बघा तुम्हाला काय काय मिळालं. गाड्या एकमेकींना ओलांडतील असा लूप, भराईच्या सायडिंग (बाजूचे रूळ), सिग्नल केबिन, खांबावर हात वर-खाली होणारे सिग्नल. डिझेल इंजिन ०७१ क्लासचं किंवा १४१/१८१ क्लासची जोडी. ०७१ फळीवर साधारण २३ सेंटिमीटर, बीटची चारचाकी वाघीण आठ-नऊ सेंटिमीटर. आठ वाघिणी लावल्या तरी गाडी मीटरच्या आत राहते. उजव्या टोकाला एक पूल किंवा झाडी उभी करा, तिच्यामागे अडीच-तीन फुटांचं फिडल यार्ड, म्हणजे गाड्या नजरेआड उभ्या करायची जागा, ठेवा. गाडी तिथून निघाली की वॉटरफर्डहून आली आणि तिथं शिरली की मॅलोला गेली. गाडी तिथं पूर्ण मावत नसेल तर वाघिणी सहा करा, पण लूप आखडू नका. रिकामी गाडी आत घ्यायची, इंजिन सोडवून लूपमधून दुसऱ्या टोकाला आणायचं, वाघिणी भराईला ढकलायच्या, भरलेल्या बाहेर काढायच्या आणि हे सगळं संध्याकाळच्या प्रवासी गाडीच्या आधी आवरायचं. एवढ्यात रात्रीचं जेवण लांबतं, हे घरच्यांना आधी सांगून ठेवा.

या वाघिणी पाहाल तर प्रेमात पडाल. जुन्या उघड्या वाघिणींची नालीदार पत्र्याची बॉडी एकावर एक चढवून जोडलेली. त्यामुळे त्या उंच आणि काहीशा बेढब दिसत, पण कामाला चोख. रंग नवाकोरा ठेवू नका. खालच्या कडेला ओल्या मातीचा तपकिरी थर, वर गंजाचे ओघळ, आणि जोडाच्या रेषेवर थोडा जास्त गंज. भरलेल्या वाघिणीत बीट दिसायलाच हवेत. खरं बीट पंधरा-वीस सेंटिमीटरचं, आपल्या प्रमाणात दोन-अडीच मिलिमीटर, म्हणजे अगदी पिवळ्या मोहरीएवढं. वाघिणीच्या आत कार्डबोर्डचा खोटा तळ बसवा, मधे किंचित उंचवटा ठेवा, पांढऱ्या डिंकावर मोहरी दाबून लावा. वाळली की पातळ केलेला तपकिरी रंग वरून सोडा. दाण्यांच्या फटींत तो साचतो आणि मातीने लडबडलेलं बीट दिसायला लागतं. शेवटी मॅट व्हार्निशचे दोन हात अवश्य द्या, नाही तर दमट खोलीत मोहरीला कीड लागते. तळ सुटा ठेवलात तर तीच वाघीण रिकामी आणि भरलेली, दोन्ही कामांना येते.

आणि स्टाफ, म्हणजे पुढे जायचा परवाना असलेला दांडा, विसरू नका. आयर्लंडच्या एकेरी मार्गांवर ड्रायव्हरजवळ त्या टप्प्याचा धातूचा स्टाफ असल्याशिवाय गाडी पुढे जात नसे. त्यावर दोन्ही टोकांच्या स्टेशनांची नावं कोरलेली. दोन्हीकडची यंत्रं विजेने एकमेकांना बांधलेली, म्हणून एका वेळी एकच स्टाफ बाहेर निघे आणि समोरासमोर दोन गाड्या येणं अशक्य होई. माझ्या फळीच्या कडेला मी पितळी सळईचे तुकडे दोन खाचांत ठेवते. एका तुकड्याला लाल रंग रॉसलेअरच्या टप्प्याचा, दुसऱ्याला निळा वॉटरफर्डच्या टप्प्याचा. हातात योग्य तुकडा नसेल तर गाडी चालवायच्या कंट्रोलरला हात लावायचा नाही. पाहुण्यांची मुलं या नियमावर गाड्यांपेक्षा जास्त खूश असतात.

तुमचं २०१ आणि मार्क ३ विकू नका. कपाटाच्या काचेमागे ते उत्तम दिसतात, आणि पुढे मोठं घर मिळालं तर त्यांचीही पाळी येईल.

प्रश्न : आयर्लंडचं गेज (दोन रुळांमधलं अंतर) १६०० मिलिमीटर. दुकानातली आयरिश इंजिनं मात्र १६.५ मिलिमीटरच्या रुळावर धावतात. हे चूक नाही का? खरं गेज टाकायचं तर काय करावं लागेल? मी पेशाने यंत्र अभियंता आहे, हाताने काम करायची तयारी आहे.
– एक वाचक, लिमरिक

उत्तर : हिशेब तुमच्या बाजूने आहे. १६०० भागिले ७६.२ (आपलं १:७६ नेमकं एवढं) म्हणजे बरोबर २१ मिलिमीटर. १६.५ चा रूळ खऱ्या मापात जेमतेम १२५७ मिलिमीटर होतो. शेजारच्या ब्रिटनच्या १४३५ च्या गाड्यांसाठीही तो अरुंदच आहे, आयरिश गाड्यांना तर फारच. बाजूने बघताना कळत नाही, पण गाडी समोरून येताना चाकं पोटाखाली ओढून घेतल्यासारखी दिसतात.

या १६०० चा उगमही सांगते, कारण इंजिनिअर माणसाला तो आवडेल. १८४० च्या आसपास डब्लिन–किंग्सटाउन मार्ग ४ फूट साडेआठ इंचाचा, अल्स्टर रेल्वे ६ फूट २ इंचाची आणि डब्लिन–ड्रॉहेडा ५ फूट २ इंचाचा, असा तीन तऱ्हांचा कारभार होता. सरकारी रेल्वे निरीक्षक मेजर जनरल पास्ली यांनी सगळ्यांचा मध्य काढून ५ फूट ३ इंच सुचवलं, आणि १८४६ च्या गेज कायद्याने ते पक्कं झालं. पुढे हेच गेज ऑस्ट्रेलियात आणि ब्राझीलमध्येही गेलं.

तर २१ मिलिमीटरचं काम. रूळ हाताने घालावा लागतो: कॉपरक्लॅडचे, म्हणजे तांब्याचा थर असलेल्या पट्टीचे, स्लीपर, त्यांवर झाळलेले रूळ, गाडी रूळ बदलते ते सांधे सगळे स्वतः बनवायचे. वाघिणींचं सोपं आहे, लांब आस आणि नवी चाकं. डिझेल इंजिनाच्या बोगीत (चाकांच्या चौकटीत) मात्र दोन्ही बाजूंनी सव्वादोन-सव्वादोन मिलिमीटर जागा शोधावी लागते. काहींत बोगीच्या बाजूच्या पट्ट्या आतून घासाव्या लागतात. वाफेच्या इंजिनाला बहुधा नवी चेसिसच.

माझा सल्ला असा. आधी फूटभर लांबीचा एक तुकडा आणि एक सांधा बनवा, दोन वाघिणींना चाकं बदलून त्यावर ढकला. सांध्यावरून त्या न अडखळता गेल्या आणि तुम्हाला ते काम करताना आनंद झाला, तर २१ च घ्या. समोरून येणारी गाडी बघताना केलेल्या कष्टांचं चीज होतं. तो आनंद नसेल तर १६.५ वर खुशाल राहा, फक्त रूळ नीट निवडा. नेहमीच्या फ्लेक्सिबल रुळाचे स्लीपर एचओ या आणखी लहान प्रमाणाचे, आखूड आणि दाटीवाटीचे असतात. खालची जोडणी कापून ते थोडे सरकवून लावले, तर गेजमधली उणीव निम्म्याने तरी लपते. खडी करडी, चुनखडीच्या रंगाची वापरा. पिवळसर खडी टाकली की आयर्लंड हरवतं.

प्रश्न : करड्या-पिवळ्या रंगातलं १२१ क्लास इंजिन घेतलंय. त्याला मार्क ३ चे डबे जोडले तर चालेल?
– एक वाचक, गॉलवे

उत्तर : चालेल ते फक्त रुळावर. १२१ ही जनरल मोटर्सची पंधरा इंजिनं १९६१ मध्ये आली तेव्हा करडी-पिवळी होती. मार्क ३ डबे आले १९८४ मध्ये. दरम्यान काळा-सोनेरी तपकिरी रंग येऊन गेला, १९७२ पासून सुपरट्रेन या नव्या गाड्यांचा नारिंगी-काळा आला. तुमच्या इंजिनामागे साठच्या दशकातले जुने लाकडी-पोलादी डबे आणि मालवाघिणी शोभतील. क्रेव्हन्स कंपनीचे डबे १९६३ चे. तेव्हा एखादं जुन्या रंगातलं इंजिन राहिलं असेल असं धरून मी ते जोडू देईन. शिवाय १२१ ला केबिन एकाच बाजूला. ते एकटंच चालवणार असाल तर टर्नटेबलची (इंजिन वळवायच्या फिरत्या चकतीची) सोय करा, किंवा दुसरं १२१ पाठीला पाठ लावून जोडा.

प्रश्न : मावशी, मी बारा वर्षांचा आहे. आजोबांनी मला डोनेगलच्या लाल रेलकारचा (स्वतःच्या इंजिनावर धावणाऱ्या एकट्या डब्याचा) फोटो दाखवला. माझ्या अभ्यासाच्या टेबलावर तिचा लेआउट होईल का? बाबा म्हणतात, आधी मोठ्या गाड्यांचा कर.
– एक वाचक, लेटरकेनी

उत्तर : होईल, आणि बाबांना माझा नमस्कार सांगून म्हणावं की टेबलासाठी हीच योग्य गाडी आहे. काउंटी डोनेगल रेल्वे तीन फुटी गेजची. तीन फूट आपल्या प्रमाणात बरोबर १२ मिलिमीटर होतात, आणि १२ मिलिमीटरचा, टीटी या लहान मॉडेल प्रमाणाचा रूळ विकत मिळतो. इथं गेजचा वादच नाही. त्या रुळाचे स्लीपर थोडे बारीक दिसतील, ते खडीत आणि गवतात अर्धे बुडव. डोनेगलच्या रुळांत गवत असायचंच.

तुझ्या रेलकारचा मान मोठा आहे. या रेल्वेने १९३१ मध्ये ७ नंबरची डिझेल रेलकार चालवली, तेव्हा आयर्लंड-ब्रिटनमध्ये प्रवाशांना घेऊन धावणारी डिझेल रेलकार दुसरीकडे कुठेच नव्हती. त्या काळचे व्यवस्थापक हेन्री फोर्ब्स यांनी कोळशाचा खर्च परवडेना तेव्हा हा मार्ग काढला. रेलकार रस्त्याच्या फाटकापाशीही थांबत, मागे एखादी मालवाघीण ओढत. ३१ डिसेंबर १९५९ ला ही रेल्वे बंद पडली.

तुला मजा येईल ती फिरवण्यात. रेलकारला ड्रायव्हरची जागा एकाच टोकाला, म्हणून शेवटच्या स्टेशनात ती टर्नटेबलवर घेऊन हाताने वळवत. तू ते खरोखर फिरणारं बनव: जुन्या सीडीची गोल चकती, मधे खिळा, वर रुळाचा तुकडा. आजोबांना ढकलायला बोलव. रंग लाल आणि क्रीम. लाल जिरेनियमच्या फुलाचा, फायर ब्रिगेडचा नव्हे. आधी आजोबांच्या जुन्या खोक्यावर रंगवून बघ.

प्रश्न : खऱ्या गाड्या आणि चांगले लेआउट बघायला कुठे जावं? सुट्टीत मुलांना घेऊन निघणार आहोत.
– एक वाचक, डब्लिन

उत्तर : डब्लिनपासूनच सुरुवात करा. मालाहाइडला कसिनो मॉडेल रेल्वे म्युझियममध्ये सिरिल फ्राय यांचा संग्रह आहे. ते डब्लिनच्या इंचिकोरमधल्या रेल्वे कारखान्यात ड्राफ्ट्समन होते, म्हणून त्यांच्या मॉडेलांत प्रत्येक रिव्हेट जागच्या जागी आहे. मुलांना गाड्या बघू द्या, तुम्ही चाकांजवळचे दांडे बघा. बेलफास्टजवळ कल्ट्राच्या संग्रहालयात १९३९ चं ८०० नंबरचं मेव्ह नावाचं वाफेचं इंजिन उभं आहे. त्याच्या शेजारी माणूस किती लहान दिसतो हे फोटोत कळत नाही. डाउनपॅट्रिकला पाच फूट तीन इंचावर खरी वारसा रेल्वे चालते आणि ए ३९ हे जुनं डिझेल इंजिन तिथंच आहे. डोनेगल टाउनच्या जुन्या स्टेशनात छोट्या गेजचं वारसा केंद्र आहे. सगळं एका सुट्टीत करू नका, मुलं कंटाळतील. मालाहाइड आणि डाउनपॅट्रिक घ्या.

कॅमेरा न्याल तेव्हा इंजिनाच्या तोंडाचे फोटो कमी काढा, ते सगळीकडे मिळतात. वाघिणीचं टोक, बफरखालची जोडणी, फलाटाची कड, सिग्नलच्या तारा ज्या कप्प्यांवरून जातात त्या कप्प्या, केबिनच्या जिन्याचा खालचा भाग, हे टिपा. प्रत्येक फोटोत फूटपट्टी किंवा मुलाचा बूट ठेवा, म्हणजे घरी आल्यावर माप काढता येईल. आणि वारसा रेल्वेवर रुळांजवळ जायचं असेल तर आधी तिथल्या स्वयंसेवकांना विचारा. नीट विचारलंत तर ते स्वतः उघडून दाखवतात.