जुन्या ख्रिश्चन थडग्यांवर कंपास, गुण्या, साखळीच्या कड्या अशी चिन्हं का असतात? त्यावरून माणूस कोण होता ते कळतं का?

तुम्ही भुसावळच्या जुन्या थडग्यांचं विचारलंय, की त्यांच्यावर कंपास-गुण्या (वर्तुळ काढायचा कंपास आणि काटकोन तपासायचा गवंड्याचा गुण्या), तीन कड्या, जहाजाचा नांगर असं कोरलेलं दिसतं, ते काय आहे. त्यातल्या कंपास-गुण्यावरून आमच्या घरात भर पंगतीत वाद झालेला आहे, म्हणून लिहायला बसलो. बाकीच्यांचं शेवटी सांगतो.

माझे आप्पा गवंडी. मूळचे अमळनेरकडचे, कामासाठी भुसावळला आलेले. मी आठवीत असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांच्याकडे अशाच एका कब्रस्तानाच्या कंपाउंड भिंतीचं काम होतं आणि मी भिंतीला पाणी मारायला सोबत जायचो. मे महिन्यातलं भुसावळ काय असतं ते इकडच्यांना सांगायला नको. दुपारी निंबाखाली डबा सोडला, कळण्याची भाकरी आणि ठेचा, आणि समोरच एक पांढरं संगमरवरी थडगं, त्यावर खाली गुण्या आणि वर टोकं खाली करून उघडलेला कंपास. आप्पांनी हातातला घास तसाच ठेवला, थैलीतून स्वतःचा लोखंडी गुण्या काढला आणि त्या कोरलेल्या गुण्याला लावून पाहिला. कोन सुताएवढाही हलला नाही. "हाऊ ते आपला गुण्या शे रे भो," असं म्हणाले आणि त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ज्याला त्याला सांगत होते, की आत एक गोरा गवंडी झोपलाय.

पुढच्याच महिन्यात एक लग्न होतं. वरण-बट्टीची पंगत, आप्पांनी तिथेही ते सांगितलं. माझे मोठे मामा रेल्वेत क्लार्क, चारचौघांत इंग्रजी वाचणारे म्हणून मान. ते सगळ्यांसमोर म्हणाले, "दाजी, गवंड्याच्या मढ्यावर कोण संगमरवर लावतं? इंजिनिअर असेल तो मोठा." पंगत हसली. आप्पा मान खाली घालून बट्टी कुस्करत राहिले, तो विषय त्यांनी परत कधी काढला नाही आणि मी मात्र आजवर विसरलो नाही.

तर ते चिन्ह फ्रीमेसन नावाच्या संघटनेच्या लोकांचं. मेसन म्हणजे सरळ सरळ गवंडी. युरोपात मोठमोठी चर्च बांधणाऱ्या दगडकाम करणाऱ्यांचे संघ होते, शिकाऊ, मग कारागीर, मग उस्ताद अशा पायऱ्या होत्या, नंतर नंतर त्यात कधी थापीला हात न लावलेले जमीनदार, वकील, फौजेतले लोक मानाने शिरले, आणि १७१७ साली लंडनला चार लॉज, म्हणजे त्यांच्या शाखा, एकत्र येऊन त्यांची ग्रँड लॉज झाली. काम सुटलं पण हत्यारं ठेवली, अर्थ लावून. गुण्या म्हणजे व्यवहार काटकोनात ठेवायचा, कंपास म्हणजे हाव वर्तुळाच्या आत ठेवायची, ओळंबा म्हणजे सरळ चालायचं, पाणसळ म्हणजे सगळे एका लेव्हलला. आपण 'सुतासारखा सरळ' म्हणतो ते काय वेगळं आहे? कुठे कुठे मध्ये इंग्रजी जी अक्षर असतं, ते जॉमेट्रीचं आणि गॉडचं, दोन्ही सांगतात.

म्हणजे संगमरवराखालचा साहेब गवंडी असेलच असं नाही, पण त्याच्या छातीवर जे मिरवलंय ते गवंड्याचं आहे. साहेब लोकांना ज्याची लाज वाटली नाही त्याला मामा हसले.

हे मी नोकरीला लागल्यावर मामांना सांगितलं तर म्हणे, "हां हां, ते जादूघरवाले, भुतं बोलवायचे." दारं बंद करून बसायचे म्हणून त्यांच्या लॉजला लोक जादूघर म्हणायचे एवढंच. मुंबईत १८४३ साली 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' नावाची लॉज निघाली ती आपल्या लोकांना आत घेण्यासाठीच. स्वामी विवेकानंद १८८४ साली कलकत्त्याच्या लॉजमध्ये मेंबर झाले होते. ते काय भुतं बोलवत होते का? मामा म्हणाले, तू फार वाचतोस.

बरं आता तुमचे बाकीचे प्रश्न. एकात एक अडकलेल्या तीन कड्या म्हणजे ऑडफेलोज नावाची संघटना, कड्यांचे अर्थ मैत्री, प्रेम, सत्य. हे लोक दर महिन्याला वर्गणी काढायचे आणि मेंबर आजारी पडला किंवा मेला तर त्यातून मदत, आपल्या भिशीसारखंच पण मयतीपर्यंत पुरणारं. घरापासून हजारो मैलांवर नोकरी करणाऱ्याला ते किती लागत असेल बघा. कुठे आयएचएस अशी इंग्रजी अक्षरं दिसली तर ती मात्र संघटना नाही, ग्रीकमधल्या येशूच्या नावाची पहिली तीन अक्षरं आहेत. नांगराचा अर्थ आशा, त्यामुळे भुसावळला समुद्र नसूनही तो दिसतो. अर्धवट तुटलेला खांब असेल तर माणूस बहुतेक अकाली गेलेला, कोकरू असेल तर लहान मूल, वाचताना जरा थांबा तिथे.

आणि हो, नुसत्या चिन्हावर जाऊन धंदा ठरवू नका, नांगर खलाशाच्या दगडावरही असतो आणि गुण्या-कंपास खऱ्या सुताराच्याही. खाली लिहिलेलं वाचा. आप्पांनी गुण्या लावून पाहिलेलं ते थडगं मी नंतर वाचलं, त्यावर लिहिलंय ड्रायव्हर, जी. आय. पी. रेल्वे, म्हणजे इंग्रजांच्या काळातली आपल्या इथली रेल्वे कंपनी. गवंडीही नाही, इंजिनिअरही नाही! मामांना हे फोनवर वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी रेंज नाही म्हणून फोन ठेवला.

अजून एक बघा, दगडाच्या अगदी तळाशी, मातीलगत, पुष्कळदा घडवणाऱ्याचं नाव बारीक अक्षरात असतं. ड्रायव्हर कोण होता यापेक्षा मला ते नाव हवं होतं, कारण तो गुण्या ज्याने कोरला त्याला काटकोन कळत होता, आणि त्या दगडात एक गवंडी नक्की आहे हे आप्पांचं म्हणणं तेवढ्याने तरी खरं ठरलं असतं. गेल्या दिवाळीत खुरपं घेऊन गेलो. तळ वीतभर मुरमाखाली गेलाय, ठोकून ठोकून बसवलेला, खुरपं शिरेना. भिंत झाल्यावर आतली भरणी आप्पांनीच केली होती, पाणी मारायला मीच होतो.