माळवदी वाड्यातील ओल

प्रश्न : सोलापुरात उत्तर कसब्यातील आमच्या दगडमातीच्या माळवदी (मातीच्या सपाट छताच्या) वाड्याला आतून सिमेंटचा गिलावा केला, तरी ओल वाढतेच आहे. काय करावे?

उत्तर : अशा भिंतीत जमिनीतून चढलेली ओल चुन्याच्या गिलाव्यातून बाहेर पडत असते, सिमेंटने ती वाट बंद होते आणि लोणा (भिंतीतला क्षार) फुटून पापुद्रे सुटू लागतात. म्हणून सिमेंट खरवडून सोलापूरचा कडक उन्हाळा भिंतीला मिळू द्यावा व नंतरच चुन्याचा गिलावा करावा. माळवदावर दरवर्षी नुसती पांढरी माती चढवू नये, कारण त्या भाराने तुळया वाकतात. जुना थर उतरवून भिंतीत शिरलेली तुळयांची टोके सुताराकडून टोचून पाहावीत, कूज तिथेच आधी लागते. सवणे (माळवदातले उजेड-हवेचे भोक) बुजवले असल्यास ते मात्र आजच उघडावे, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.