मोहरीचा डबा कुठे ठेवायचा?

*ताई, मी ४२ वर्षांची आहे. घोडबंदर रोडला मानपाड्याजवळ राहते. घरात नवरा, नववीतला मुलगा आणि सासूबाई. चार वर्षांपूर्वी मला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस असल्याचं कळलं. सकाळी बोटं इतकी आखडलेली असतात की गॅसचं बटण फिरत नाही. पूर्वी मैत्रिणी माझ्या घराचं कौतुक करायच्या. आता खुर्चीवर कपड्यांचा डोंगर, ओट्यावर डबे, गोळ्या तीन ठिकाणी. वेळापत्रकं केली, एकही आठवडाभर टिकलं नाही. गेल्या वर्षी गणपतीआधी अख्खं घर काढलं आणि गणपतीचे दीड दिवस अंथरुणात घालवले. सासूबाई म्हणतात, "गुडघे माझेही दुखतात, म्हणून मी बसून राहते का?" नवरा मदत करतो, पण प्रत्येक गोष्ट सांगावी लागते. माळ्यावर माझ्या लग्नातली पितळी भांडी काळी पडली आहेत, ती आठवली तरी रडू येतं. घराची घडी परत कशी बसवू?*

*– विस्कटलेली*

विस्कटलेली, तुला अगं-तुगंच करते. तुझ्याएवढी माझी भाची आहे आणि तिलाही आवरण्याचा असाच सोस आहे.

आमच्या नौपाड्यातल्या जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक काकू राहायच्या. लहानपणी पोलिओ झालेला, एक पाय जवळजवळ निकामी. लिफ्ट नव्हती. भाजीवाला आला की गॅलरीतून दोरीला बांधलेली टोपली खाली सोडायच्या. स्वयंपाक जमिनीवर बसून. सगळं त्यांच्याभोवती अर्धगोलात मांडलेलं असायचं. उजव्या गुडघ्याशी मिसळणाचा डबा, त्यामागे तेलाची बरणी, डाव्या हाताला विळी, आणि पाठीशी तांदळाचा मोठा डबा, त्यालाच त्या टेकून बसायच्या. पाहुण्याला वाटावं, काय हा पसारा! एकदा काकू दवाखान्यात असताना त्यांच्या नणंदेने येऊन स्वयंपाकघर झकास लावून दिलं. सगळे डबे फळीवर, उंचीप्रमाणे, चकचकीत. काकू घरी आल्या त्या दिवशी दुपारपर्यंत त्यांना चहा मिळाला नाही, कारण साखर डोक्याच्या दोन हात वर होती. शेवटी आईने मला वर पिटाळलं, डबे खाली काढून द्यायला. काकू माझ्याकडे न बघता सांगत होत्या, "मोहरी इथे. अंहं, आणखी चार बोटं अलीकडे."

तुझंही घर अशाच एका नणंदेने लावलेलं आहे. ती म्हणजे चार वर्षांपूर्वीची तू. तिचे हात धडधाकट होते. तिने पातेली एकात एक बसवली, घट्ट झाकणांचे स्टीलचे डबे घेतले, मिक्सर खालच्या ट्रॉलीत ढकलला. आज तुला एक वस्तू काढायची तर आधी चार हलवाव्या लागतात. मग काढलेली वस्तू परत आत जात नाही, ओट्यावर राहते, आणि तू स्वतःला आळशी म्हणतेस. ओट्यावर जे साचतं ते नीट बघ. तुझ्या हातांनी त्या डब्यांची जागा कधीच ठरवून टाकली आहे. तुला ती मान्य नाही, एवढंच.

तेव्हा एक आठवडा काहीही आत ठेवू नकोस. शनिवारी ओट्यावर जे असेल, ते तिथेच राहील असं धर. चहा-साखर, मिसळणाचा डबा, कुकर, एक कढई, तवा. मिक्सरही वरच, प्लगला लावलेला. बाकीचं सावकाश आत जाऊ दे, ते रोज लागत नाही हे सिद्ध झालंच. घट्ट झाकणाचे डबे मात्र आजच बाद कर, किंवा घरात सगळ्यांना सांगून ठेव की झाकण नुसतं टेकवायचं, दाबायचं नाही. उलथन्याच्या आणि डावाच्या दांड्याला जुन्या सुती कापडाची पट्टी गुंडाळून जाड कर, मूठ कमी आवळावी लागते. कढई उचलू नकोस, ओट्यावरून सरकव. ओलं फडकं पिळताना मनगटाला जो पीळ बसतो तो वाईट, म्हणून ते सिंकच्या काठावर ठेवून तळव्यांनी दाब. पिशवी बोटांत अडकवण्याऐवजी कोपरात घे. लहान सांध्यांचं काम मोठ्या सांध्यांवर ढकलायचं, की झालं. ऑक्युपेशनल थेरपिस्ट हेच शिकवतात, मनगटाला आधार देणारा स्प्लिंट लागतो का तेही बघतात. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे त्यांच्यासाठी चिठ्ठी माग.

सकाळचं काम आदल्या रात्री उरकून ठेव. या आजारात सकाळचा आखडलेपणा तासभर किंवा जास्तही राहतो, त्याच्याशी भांडून उपयोग नाही. चहाचं आधण रात्रीच भरून शेगडीवर ठेवायचं, गॅस नवऱ्याने पेटवायचा. डब्याच्या पोळ्यांना बाई लाव, नाहीतर आपल्या ठाण्यात गल्लोगल्ली पोळीभाजी केंद्रं आहेत, तिथून आण. कणीक मळण्यात तुझी बोटं खर्च करण्याइतकं पोळीत काही नाही, असं माझं मत आहे. सासूबाईंना हे वाचून दाखवू नकोस.

गोळ्या तीन ठिकाणी, हे वाचून मात्र मी दचकले. बाकी सगळा पसारा पुढच्या वर्षीपर्यंत राहिला तरी चालेल, हा आजच संपव. या आजारात बहुतेकांना मेथोट्रेक्सेट दिलेलं असतं आणि ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोजची गोळी समजून ते रोज घेतलं गेल्याने माणसं दगावलेली आहेत. तुझ्या चिठ्ठीवर ते असेल तर त्याचा वार पट्टीवर जाड पेनाने लिही आणि घरातल्या आणखी एकाला तो पाठ असू दे. औषधाच्या दुकानात सात खणांची डबी मिळते. रविवारी मुलाकडून चिठ्ठी समोर ठेवून ती भरून घे, आठवड्याची गोळी एकाच खणात. डबी चहाच्या डब्याशेजारी, उरलेल्या पट्ट्या एका खोक्यात, आणि रक्ताचे रिपोर्ट एकाच फायलीत, नवा रिपोर्ट वर.

वेळापत्रक टिकलं नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. वेळापत्रकाला सोमवार माहीत असतो, तुझा सोमवार कसा उगवेल ते माहीत नसतं. घोडबंदरला राहतेस, तेव्हा टँकरचं गणित तुला मी काय शिकवणार! टाकीत पाणी कमी असलं की आधी प्यायचं भरून ठेवतो, मग स्वयंपाकाचं, मग अंघोळीचं. गाडी धुवायचं त्या दिवशी कुणी नावही काढत नाही. तसंच कर. वाईट दिवशी गोळी, जेवण आणि पलंगापासून बाथरूमपर्यंतची वाट मोकळी, एवढंच. खुर्चीवरचे कपडे ही गाडी आहे. आणि मला खरी धास्ती तुझ्या बऱ्या दिवसांची वाटते. गेल्या वर्षी गणपतीआधी तू जे केलंस ते नक्की बऱ्या दिवशी केलं असशील. बरं वाटतंय तेव्हा मोबाइलवर वीस मिनिटांचा गजर लाव आणि तो वाजला की अर्धा पुसलेला कप्पा तसाच सोडून बस. जमणार नाही पहिल्यांदा. माझ्या भाचीला अजून जमत नाही.

आता नवऱ्याचं. तो मदत करतो, म्हणजे काम तुझं आणि हात त्याचे. डोकं तुझंच चालत राहतं, दमणूकही तुझीच. त्याला अख्खं काम देऊन टाक. धुणं म्हणजे मशीन लावण्यापासून कपडे कपाटात जाईपर्यंत, साबण संपला ते कळण्यासकट. मग तो गडद आणि पांढरे एकत्र टाकेल, एखादा बनियन गुलाबी होईल. तू तेव्हा दुसऱ्या खोलीत असावंस. घरातल्या कपड्यांच्या घड्या तर बंदच करा. माणशी एक टब, धुतलेले कपडे त्यात. इस्त्रीचे तेवढे इस्त्रीवाल्याकडे.

सासूबाईंचं बोलणं टोचणारं आहे खरं. पण घोळ थोडा आपल्या भाषेचाही आहे, कारण त्यांच्या दुखण्याला आणि तुझ्या दुखण्याला आपण एकच शब्द वापरतो, संधिवात. मी डॉक्टर नाही, पण त्यांचे गुडघे बहुधा वयाने झिजलेले असणार. तसे गुडघे सकाळी थोडा वेळ आखडतात, हिंडू-फिरू लागलं की साधारण अर्ध्या तासात सुटतात. तुझ्याकडे शरीराची रोगप्रतिकारशक्तीच सांध्यांच्या अस्तरावर उठली आहे. त्याने सूज येते, अंगातलं बळ जातं, आणि हे म्हातारपणाची वाट बघत नाही. हे तू सांगितलंस तर ती सबब ठरेल. पुढच्या तपासणीला त्यांनाच बरोबर घेऊन जा आणि डॉक्टरांना सांगू दे. जमलं तर त्यांचेही गुडघे त्याच खेपेला कुणाला तरी दाखवा. "माझेही दुखतात" या वाक्यात टोमणा आहे तशी एक तक्रारही आहे, आणि ती घरात कुणी ऐकली असेल असं तुझ्या पत्रावरून वाटत नाही. बसून करायची कामं त्यांना द्या, भाजी निवडणं, लसूण सोलणं. तूही तिथेच बस. दोघी बसलेल्या असलात की कोण बसून राहतं हा प्रश्नच मिटला.

यंदाच्या गणपतीचं आत्ताच घरात जाहीर करून टाक. पंखे आणि जाळ्या नवरा बघेल, नाहीतर पैसे देऊन माणूस बोलवेल. मखर मुलाचं. उकडीचे मोदक ऑर्डरचे, फार तर नैवेद्याचे पाच घरी, आणि त्यांच्या पाऱ्या सासूबाई करतील. तू आरतीला उभी राहा, नाही जमलं तर खुर्चीत बस. टाळ नको, झांजही नको, मनगटं सांभाळ.

राहिली माळ्यावरची पितळी भांडी. तुझ्या आईने दिलेली असणार, म्हणून एवढं रडू येतं. त्यातला एखादा गडू किंवा वाटी मुलाला खाली काढायला सांग, चिंचेने घासून त्यालाच चकचकीत करू दे आणि तुझ्या गोळ्यांच्या डबीशेजारी ठेव. बाकीची काळी पडू देत. त्यांना काही खायला लागत नाही.