ब्लफला थाप म्हणावं की हूल?

इथल्याच, इंदूरच्या एका ताईंनी विचारलंय: 'मुलगा हॉस्टेलवरून पोकर शिकून आलाय. त्याचा एक मित्र म्हणे दर डावाला ब्लफ करतो. ब्लफला मराठीत काय म्हणायचं? मी थाप म्हटलं तर मुलगा हसला.'

ताई, हसला ते बरोबरच. थाप तोंडाने मारायची असते. पोकरमध्ये 'माझ्याकडे दोन एक्के आहेत' असं कोणी सांगत बसत नाही. हातात काही नसताना गुपचूप मोठी रक्कम पुढे सरकवतो. उरलेलं तुम्हीच समजून घेता आणि पानं टाकून देता. असं न बोलता, नुसत्या कृतीने फसवणं म्हणजे हूल. खो-खोत पळणारा डावीकडे झुकतो आणि उजवीकडून निसटतो, ती हूल. समोरच्याने चुकीची हालचाल करावी, एवढाच तिचा हेतू. पोकरमध्ये ती चुकीची हालचाल म्हणजे बरी पानं टाकून देणं. तेव्हा 'त्याने हूल दिली आणि मी भुललो' हे चोख मराठी. हुलकावणी मात्र नको. ती आता पावसाने किंवा यशाने द्यायची, म्हणजे हाती न लागण्याची, होऊन बसलीय.

थापेची जागा 'चॅलेंज' या पत्त्यांच्या खेळात. पानं पालथी टाकून 'तीन गुलाम' असं बोलावंच लागतं तिथे.

आपल्याकडे हिंदीच्या शेजारामुळे 'झांसा दिला', 'गोली दिली' असंही सर्रास चालतं. पण झांशात आमिष असतं आणि हुलीत धाक, म्हणून मला तो इथे पटत नाही. 'उसनं अवसान' सुरेख आहे, पण ते चेहऱ्याचं वर्णन झालं.

दिवाळीच्या तीन पत्तीत आमचे मामा पानं न बघता चालीवर चाल द्यायचे, म्हणजे पैशांवर पैसे लावायचे, आणि मामी म्हणायची, 'हूल देताहेत, घाबरू नका.' शब्द घरात होता तो असा. मामी चुकत होती, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. बंद खेळणाऱ्याला स्वतःचीच पानं ठाऊक नसतात, तो हूल कशी देणार? तो नुसता नशिबावर बसलेला, आणि चालही बघून खेळणाऱ्याच्या निम्मी. पानं बघून, ती फुटकी आहेत हे कळल्यावरही जो चाल देतो, हूल त्याची. आणि फुटकी पानं काही दुर्मीळ नव्हेत: ५२ पत्त्यांतून तीन पानं २२,१०० प्रकारे येतात, त्यांतल्या १६,४४० प्रकारांत ना क्रम, ना एक रंग, साधी जोडीसुद्धा नसते. चारांतले जवळपास तीन हात रिकामे, मग हूल फोफावणारच.

आता तो मित्र. चालबाज, धोकेबाज या चालीवर 'हूलबाज' मी आत्ताच घडवला. कोशात शोधू नका. त्याने शेवटच्या फेरीत बोली लावली आणि आपण तेवढेच पैसे भरून पानं उघडायला लावली, याला मराठीत तयार वाक्प्रचार आहे: पितळ उघडं पाडणं. फक्त दर वेळी पितळच निघेल असं नाही, म्हणून थोडा हिशेब लागतो. मध्ये १०० रुपये आहेत, त्याने आणखी १०० टाकले. तुम्ही १०० भरता ते २०० मिळवायला. तीनदा उघडायला लावलं, दोनदा सोनं निघालं, एकदा पितळ, तरी तुम्ही बरोबरीत. त्याच्या अशा बोलींपैकी एक तृतीयांशाहून जास्त हुली असतील, तर मधली एखादी जोडी हातात धरून पैसे भरत राहणं फायद्याचं. त्याने १०० ऐवजी ५० टाकले, तर चारांत एक पितळ निघालं तरी भागतं.

मुलाला विचारा, तो मित्र पानं बघून खेळतो ना? पोकरमध्येही न बघता खेळणारे भेटतात, आणि मग माझा 'हूलबाज' त्याला लागू नाही.