बाळंतपणाचं १,१०,००० चं पॅकेज घ्यावं का?

वाळपईच्या एका वाचक भगिनीचा प्रश्न आहे. जुलैत पहिलं बाळंतपण. त्या वेर्ण्याच्या कंपनीत ३२,००० पगारावर, नवरा पर्यटक टॅक्सी चालवतो. पणजीच्या खासगी इस्पितळातल्या बर्थिंग सुइटचं, म्हणजे प्रसूतीसाठीच्या खास खोलीचं, पॅकेज १,१०,००० रुपये, डूला म्हणजे कळांच्या वेळी सोबत करणारी प्रशिक्षित बाई २५,०००, फोटोग्राफर २०,०००. शिल्लक आहे ती बचत खात्यात ९०,००० आणि मुदत ठेवीत १,५०,०००. पुढच्या खर्चासाठी पाटल्या तारण ठेवू का, असं त्या विचारतात.

ताई, पाटल्या कपाटातच राहू द्या. त्याच इस्पितळात साध्या खोलीचा दर तुम्ही ६५,००० लिहिला आहे, तीच खोली घ्या. डूला ठेवा. दोन्ही मिळून ९०,००० होतात, म्हणजे ठेवीला हात लागत नाही.

नवरा शेजारी हवा, कळांत हिंडता-फिरता यावं, बाळ लगेच छातीवर द्यावं, नाळ घाईने कापू नये, पहिल्या तासात अंगावर पाजता यावं. तुमच्या पत्रातल्या या इच्छा मी पुन्हा पुन्हा वाचल्या. यातली एकही सुइटच्या भाड्यात मोजलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये प्रसूतीबद्दल ज्या शिफारशी केल्या, त्यांत हे सगळं आहे. ते मिळणं न मिळणं डॉक्टर आणि लेबर रूमच्या नर्सवर ठरतं. एका कागदावर लिहून सातव्या महिन्यात डॉक्टरांसमोर ठेवा. नवऱ्याला आणि डूलाला दोघांनाही आत येऊ देणार का, हे डूलाला आगाऊ रक्कम देण्याआधी स्पष्ट विचारा. नाही म्हणाले तर ते २५,००० वाचवा.

मला खरी काळजी आहे ती सिझेरियनची. पॅकेजचा आकडा बहुधा नॉर्मल प्रसूतीचा असतो. ऑपरेशन करावं लागलं तर भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, जास्तीचे दिवस असं बिल वाढत जातं, आणि बऱ्याच खासगी इस्पितळांत हे दर खोलीच्या वर्गाप्रमाणे चढतात. बाळाला काचेत ठेवावं लागलं तर त्याचं बिल वेगळं. तुमच्या बेताने १,५५,००० गेले की हातात ८५,००० राहतात, तेही पावसाळ्यात, जेव्हा टॅक्सीला गिऱ्हाईक नसतं आणि हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून ठेवीतले १,००,००० ऑपरेशन आणि बाळासाठी, ५०,००० ऑक्टोबरपर्यंतच्या घरखर्चासाठी धरा. ठेव फक्त तुमच्या नावावर असेल तर आजच बँकेत जाऊन दोघांपैकी कुणालाही मोडता येईल अशी करून घ्या. लेबर रूममधून सही कोण करणार?

कंपनीच्या गट विम्यात प्रसूतीसाठी किती मर्यादा आहे, बाळ पहिल्या दिवसापासून धरतात का, खोलीभाड्याला मर्यादा आहे का, हे एचआरकडून लेखी घ्या. भाडं मर्यादेबाहेर गेलं तर बाकीच्या बिलातही त्या प्रमाणात कपात होऊ शकते. आता नवी पॉलिसी घेऊन या बाळंतपणाला उपयोग नाही, प्रतीक्षा काळ आडवा येतो. आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम भरलं असेल तर २६ आठवड्यांची पगारी रजा तुमचा हक्क आहे. प्रसूतीआधीच्या रजेचा पगार आगाऊ मिळायला हवा, तो मागून घ्या.

फोटोग्राफर नको. नवऱ्याचा फोन पुरे.

आणि गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या सरकारी गोवा मेडिकल कॉलेजात, नाव घालून ठेवा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमामुळे सरकारी इस्पितळात प्रसूती, सिझेरियनसुद्धा, मोफत आहे आणि बांबोळीला नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग आहे. तिथे तुमच्या सगळ्या इच्छा पुऱ्या होतील असं मी म्हणणार नाही, गर्दी असते. पण खासगीतला खर्च हाताबाहेर जाऊ लागला तर जायला जागा हवी, आणि तपासणीचे कागद तिथे आधीपासून असलेले बरे. वाळपईहून पणजी पावसात लांब पडते. शेवटचे पंधरा दिवस म्हापशाच्या मावशीकडे राहायचं तुम्ही लिहिलंय, ते नक्की करा.