औषध मोफत असूनही हत्तीरोग आणि कुष्ठरोग गरीब वस्त्यांत का टिकून राहतात?

आपला प्रश्न असा आहे की, हत्तीरोग, कुष्ठरोग यांसारख्या दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांवरची औषधे सरकार फुकट देते, तरी गरीब वस्त्यांत हे रोग का टिकून राहतात आणि त्यावर उपाय काय. मी सोलापूर जिल्ह्यात आरोग्य कर्मचारी म्हणून नोकरी करून निवृत्त झालो आहे. औषध वस्तीपर्यंत पोहोचते, पण ते घेण्याची वेळ आणि रीत तिथल्या माणसाच्या रोजगाराच्या दिवसात बसत नाही, असे माझे ठाम मत आहे.

हत्तीरोगाचे आधी सांगतो, कारण सोलापूरची गणना राज्यातील हत्तीरोगप्रवण जिल्ह्यांत झालेली आहे. तुंबलेल्या गटारात आणि शौचालयाच्या टाकीत वाढणारा क्युलेक्स डास एकाच्या रक्तातील सूक्ष्म जंतू दुसऱ्याच्या अंगात पोहोचवतो. हे जंतू दिवसा रक्तात सहसा सापडत नाहीत, म्हणून आम्ही रात्री साडेआठपासून बारापर्यंत रक्ताचा थेंब घेण्यासाठी काचपट्ट्या घेऊन दारोदार फिरत असू. डीईसी आणि अल्बेंडाझोल या कृमिनाशक गोळ्यांनी रक्तातील जंतू कमी होतात, परंतु त्यांना जन्म देणारा, लसिकावाहिन्यांत (शरीरातील लसिका हा द्रव वाहून नेणाऱ्या नळ्यांत) ठाण मांडलेला पूर्ण वाढीचा कृमी खात्रीने मरत नाही आणि तो काही वर्षे नवे जंतू सोडत राहतो. त्यामुळे वस्तीतील सर्वांनी, म्हणजे दोन वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया आणि गंभीर आजारी माणसे सोडून प्रत्येकाने, ओळीने पाच-सहा वर्षे दरवर्षी एकदा गोळ्या घ्याव्या लागतात. प्रत्येक फेरीत एकूण लोकसंख्येच्या निदान ६५ टक्के लोकांच्या पोटात गोळी गेली, तरच रोगाचा प्रसार थांबण्याची आशा असते.

पोटात, हा शब्द मी मुद्दाम वापरला. एका वर्षी आमच्या पथकाच्या रजिस्टरात जवळपास प्रत्येक घरापुढे वाटपाची खूण होती. आठवड्याने रात्रीच्या फेरीला शहराच्या पूर्व भागातील एका विडी कामगार बाईंच्या घरी गेलो, तेव्हा त्यांनी डाळीच्या डब्यातून त्याच गोळ्या काढून माझ्या हातावर ठेवल्या. त्यांचे कारण अगदी रास्त होते. गोळ्या घेतल्या की ताप येतो, डोके दुखते, असे शेजारणीने सांगितले होते. दुसऱ्या दिवशी ठरलेल्या हजार विड्या कारखान्यात जमा केल्या नाहीत तर मजुरी बुडणार होती. मरणाऱ्या जंतूंमुळे तो ताप येतो, म्हणजे ज्याच्या अंगात जंतू अधिक त्यालाच त्रास अधिक होतो, ही गोष्ट त्यांना कोणी आधी सांगितलेली नव्हती. ज्यांना औषधाची सर्वांत जास्त गरज, तीच माणसे आमच्या मोहिमेला घाबरत होती, आणि आम्ही मात्र त्यांना अडाणी समजत होतो, याची खंत मला आजही वाटते.

पुढच्या वर्षी आम्ही सुटीच्या आदल्या संध्याकाळी, जेवणे झाल्यावर गेलो. त्या वस्तीत घरोघरी तेलुगू बोलली जाते, म्हणून तिथलीच एक विडी कामगार स्त्री सोबत घेतली. तिने ताप कशाने येतो हे आधी समजावून सांगितले, गोळ्या समक्ष गिळायला लावल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पॅरासिटॅमॉल घेऊन आम्ही पुन्हा त्याच दारांत उभे राहिलो. यंत्रमागावरच्या पुरुषांना घरी गाठता येत नाही, त्यांच्यासाठी पाळी बदलण्याच्या वेळी कारखान्याच्या फाटकाशी थांबावे लागते.

कुष्ठरोगाचे दुखणे निराळे आहे. भारताने २००५ च्या अखेरीस दर दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण हे राष्ट्रीय पातळीवरचे उद्दिष्ट गाठले, आणि तेव्हापासून हा रोग संपला असा समज पसरला. प्रत्यक्षात जगातील नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतात सापडतात. सहा किंवा बारा महिन्यांच्या बहुविध औषधोपचाराने रोग बरा होतो, पण या रोगाची खूण असलेला बधिर चट्टा दुखत नाही, खाजत नाही, म्हणून तो दाखवण्यासाठी कोणी रोजगार बुडवत नाही. लागण झाल्यापासून लक्षण दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे, कधी वीसही जातात. ऊसतोडीला गेलेले कोयते, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या जोड्या, तर आमच्या यादीतून निसटतच असत, कारण सर्वेक्षण गावात होई आणि माणसे साखर कारखान्याच्या तळावर कोप्यांत, म्हणजे झोपड्यांत, राहत. मुकादमाला विश्वासात घेऊन तळावरच तपासणी केली पाहिजे. बायकांची तपासणी स्त्री कर्मचाऱ्यानेच करावी, अन्यथा पाठीवरचा चट्टा कधीच कळत नाही.

केवळ औषधाने रोग हटतो असे मानणाऱ्यांनी नारूचा, म्हणजे पायाच्या कातडीतून बाहेर येणाऱ्या लांब कृमीच्या रोगाचा, विचार करावा. नारूवर औषध नव्हते आणि लसही नव्हती. महाराष्ट्रातील अनेक गावांत माणसे पायऱ्यांच्या विहिरींत उतरून पाणी भरत, आणि पायाला नारूची जखम असलेला माणूस पाण्यात उतरला की नारूची पिल्ले पाण्यात जात आणि ते पाणी पिणाऱ्यांना लागण होई. पायऱ्या बंद करून रहाट बसवले, पाणी फडक्याने गाळायला शिकवले, ही पिल्ले वाहणारे पाण्यातले बारीक किडे मारण्यासाठी विहिरींत कीटकनाशक टाकले, हातपंप दिले. भारतातील शेवटचा रुग्ण १९९६ साली सापडला आणि २००० साली देश नारूमुक्त ठरला. आमच्या भागातील वृद्ध माणसे पिंडरीवरची जुनी खूण अजून दाखवतात.

पाण्याचा हाच धागा हत्तीपायाच्या रुग्णापर्यंत येतो. एकदा सुजलेला पाय गोळ्यांनी पूर्ववत होत नाही. तो रोज साबण-पाण्याने हलक्या हाताने धुऊन, बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडा करून, उंचावर ठेवावा लागतो. एवढे नेमाने केले तर जखमा चिघळत नाहीत, तापाचे झटके कमी होतात आणि माणूस पुन्हा कामावर जाऊ शकतो. सोलापुरात वर्षानुवर्षे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येत आले आहे. ज्या घरात पिण्याचे पाणीच पिंपात मोजून वापरतात, तिथे रुग्णाला रोज पाय धुवा असे सांगण्यापूर्वी मी पाण्याची चौकशी करत असे, आणि नळाला पाणी किती दिवसांनी येते ते त्याच्या नावापुढे माझ्या रजिस्टरात लिहून ठेवत असे.